रायफलीला नावं ठेवायची नाहीत

४ जून

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनी उचलते, माझी चौकशी करते, "हे बाहेर गेलेत" असं सांगते, आणि तेवढ्यात मागून तुझा खोकला ऐकू येतो. बाहेर गेलेला माणूस इतक्या जवळ कसा खोकतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. असो.

भांडायला लिहीत नाहीये. काम आहे. लेथवर तुझी अर्धी हयात गेली, लोखंड तुला कळतं. नेमबाजीही कळायची. दोन्ही कळणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. असता तर तुझी मनधरणी कशाला केली असती?

मी नवी रायफल घेतली. माझी स्वतःची, पहिलीच. आजवर रेंजवरच्या जुन्या रायफलीवर भागवलं. ऑगस्टमध्ये संघाची निवड चाचणी आहे. याआधी दोनदा मी काठावरून परत आलेय, आणि या वेळी परत यायचं नाही असं ठरवूनच ही घेतली. दिसायला देखणी आहे. दस्ता खांद्याला असा बसतो, की शिंप्याने माप घेऊन शिवला असावा. पण गोळी ऐकत नाही. पोटावर झोपते, श्वास सोडते, चाप ओढते, गोळी बरोबर मध्यभागी. दुसऱ्या वेळी तोच श्वास, तोच चाप, आणि गोळी वर उजवीकडे भरकटते. तिसरी खाली. चौथी पुन्हा मध्यभागी, जसं काही झालंच नाही.

तुला वाटेल, मी लगेच दुकानदाराच्या डोक्यावर जाऊन बसले असेन. या घरात वाढलेली मुलगी असं करेल का? घरचा नियम तुलाही पाठ आहे. रायफलीला नावं ठेवायची नाहीत. ठेवली की आठवडाभर तिला हात लावायचा नाही, आणि वर बाबांचं "नाचता येईना, अंगण वाकडं" ऐकून घ्यायचं. म्हणून मी आधी स्वतःलाच नावं ठेवली. चहा सोडला. कोपराखालची गादी बदलली. चष्म्याची काच इतक्या वेळा बदलली, की मी चष्म्याच्या दुकानात कामाला नसते तर मालकाने मला दारातही उभं केलं नसतं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन दोन्ही हात पुढे केले. त्यांनी बोटं ताणायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली आणि म्हणाल्या, "हात ठणठणीत आहेत. डोक्याला जरा विश्रांती द्या."

हातांची एवढी धास्ती का, ते तुला माहीत नसेल. बाबांचे हात थरथरतात. तू घर सोडून गेल्यावर काही वर्षांनी सुरू झालं, आता पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. ज्या रेंजवर सगळे त्यांना "वस्ताद" म्हणतात, तिथे ते वर्षभर फिरकलेले नाहीत. माझी टार्गेटं मी घरी आणून त्यांना दाखवली. त्यांनी एकेक कागद उजेडाकडे धरला आणि शांतपणे म्हणाले, "हात गेला तुझा. माझ्यावर गेलीस."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि ठरवलं, की हात गेला असेल तर गेला, पण रायफल तपासल्याशिवाय मी ते मान्य करणार नाही.

तर आता सांग, घोडं कुठे पेंड खातंय? मी नेमकं कुठे बघू?

तुझी भिंगरी


१९ जून

दादा,

कार्ड मिळालं. "नळीचं तोंड बघ. कापूस फिरव." सोळा वर्षांनी भावाचं पत्र येतं, आणि त्यातले शब्द मोजायला एका हाताची बोटं पुरतात! खाली सहीसुद्धा नाही. पण अक्षर तुझंच होतं. मी ते कार्ड दुकानात सगळ्यांना दाखवलं, हेही सांगून टाकते.

दुकान बंद करायच्या आधी रायफल काउंटरवर ठेवली आणि नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाचा बोळा हळूच फिरवला. सगळीकडून सुळकन फिरला, फक्त एका जागी अडला. तिथे कापसाचे दोन-तीन धागे लोंबत राहिले. मग मोठं भिंग लावून बघितलं. कड गोल कापताना पातं तिथे थरथरलं असणार, कारण बारीकशी खाच होती आणि खाचेच्या बाजूला लोखंडाचा कण उभा राहिलेला होता. गोळीचा शेवटचा स्पर्श त्या कडेला होतो. तिथेच कुणी तिला कोपरखळी मारली तर ती सरळ कशी जाणार? मला एवढा आनंद झाला, की मालक घाबरून आतून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी रायफल विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले. त्याने भिंगातून बघितल्यासारखं केलं.

"ताई, नव्या रायफलीवर हात बसायला वेळ लागतो."

"हात बसलाय. गोळी बसत नाहीये."

"हा ओरखडा तुम्हीच साफ करताना पडला असेल."

"मी मागच्या बाजूनेच साफ करते. तोंडातून गज घालणाऱ्याला वस्तादांनी घरात ठेवलं असतं का?"

हे ऐकून त्याला वाट सापडली. म्हणाला, "मग वस्तादांनाच सांगू द्या ना. त्यांनी बघून म्हटलं रायफल खराब आहे, तर मी त्याच दिवशी कंपनीला परत पाठवतो. कंपनी माझं ऐकते आणि मी वस्तादांचं ऐकतो. दुसरं कुणी काहीही म्हणो." तो हसत होता, कारण त्याला माहीत होतं की बाबा असं कधी म्हणत नाहीत. काखेत कळसा म्हणावं, तर आमचा कळसा तोंड उघडायला तयार नाही.

जेवताना मी रायफल आणि भिंग बाबांसमोर ठेवलं. त्यांनी भिंगाला हात लावला नाही.

"माझ्या हाताखालून किती नेमबाज गेले. रायफलीला नावं ठेवणारा एकही नव्हता."

"एक होता," मी म्हटलं.

ते ताटावरून उठले. मला हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, आणि निघालं ते बरंच झालं. तू चाचणीतून परत आलास, "माझी नवी रायफल खराब आहे, म्हणून निवड गेली" म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर सगळ्यांच्या देखत बाबांनी तुला अंगणाची म्हण ऐकवली. मी तेव्हा शाळेत होते. लोक हसले होते एवढं मला आठवतं. त्यानंतर या घरात तुझ्या रायफलीचा विषय निघाला तो थेट परवा.

म्हणजे खरी अडचण दुकानदाराची नाहीच. बाबांनी माझी रायफल खराब म्हटली, तर तुझीही कदाचित खराब असेल असं होतं. तेच त्यांना झेपत नाहीये. पण त्यांनी म्हटल्याशिवाय माझी रायफल बदलून मिळणार नाही. मी त्यांच्याकडून ते म्हणवून घेणार आहे.

भिंगरी


६ जुलै

दादा,

या वेळी चक्क पानभर मजकूर आला, पण वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. "विकून टाक आणि जुन्या रायफलीवर खेळ. त्यांच्या तोंडून ते तू काढू शकणार नाहीस. मी प्रयत्न करून बघितलाय."

विकून टाकू? म्हणजे ही ब्याद दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू? उद्या एखादी मुलगी तिच्यावर शिकेल, गोळी भरकटली की स्वतःलाच दोष देईल, आणि वर्षभरात नेमबाजी सोडून घरी बसेल. असा एकजण मला माहीत आहे. त्याने परत कधी रायफल हातात घेतली नाही.

आणि स्पष्टच लिहिते. तू प्रयत्न केलास म्हणतोस, पण तू एकदा ओरडलास आणि त्याच आठवड्यात रायफल विकून निघून गेलास. त्याला प्रयत्न म्हणत नाहीत. तुझं चुकलं असंही मी म्हणत नाहीये. वय कोवळं होतं, चारचौघांत शोभा झाली होती, तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण आता मला तसं करायचं नाहीये. मी इथून हलणार नाही.

ऐक, मी काय केलं ते. सुताराकडून जाड फळीवर लोखंडी शिकंजा बसवून घेतला. रायफल त्यात आवळायची आणि नुसता चाप ओढायचा. मग हात, खांदा, श्वास, डोळे यांचा काही संबंधच उरत नाही. रेंजच्या सेक्रेटरीबाईंनी आधी "असलं काही आमच्याकडे होत नाही" म्हणून ऐकवलं, मग स्वतःच खुर्ची ओढून बघत बसल्या. आधी रेंजवरची जुनी रायफल लावली. सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या. मग माझी लावली. आठवड्याच्या बाजाराला आल्यासारख्या चारी दिशांना पांगल्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अगंबाई!"

दोन्ही टार्गेटं घेऊन दुकानदाराकडे गेले. त्याचं उत्तर काय, तर "शिकंजा ढिला असेल, ताई. वस्तादांनी आवळला असता तर गोष्ट वेगळी." म्हणजे खापर माझ्या डोक्यावरून सुताराच्या डोक्यावर गेलं, एवढीच प्रगती. पण मी त्याला तिथेच धरलं. म्हटलं, "वस्ताद आवळतील. तुम्ही रविवारी रेंजवर यायचं." तो हो म्हणाला, कारण त्याला वाटतं, वस्ताद येणार नाहीत.

बाबा नाही म्हणाले. मी रोज विचारते, ते रोज नाही म्हणतात. तो रविवार हुकला, आता पुढच्याला बोलावलंय. माझा हट्ट त्यांच्यावरच गेलाय, तेव्हा बघू आधी कोण थकतं. कंपनीचा माल परत जाऊन नवा यायला वेळ लागतो, आणि चाचणी तोंडावर आलीय. थकायला मला सवडच नाही.

तुझा खोकला कसा आहे? वहिनीला विचारलं तर म्हणते, "त्यांना कुठे खोकला आहे?"

भिंगरी


२० जुलै

दादा,

हे पत्र बसून वाच.

बुधवारी सकाळी बाबा शर्टाची बटणं लावत होते. मी मदतीला गेले तर माझा हात झटकला. मग आपण होऊनच म्हणाले, "तिथे येऊन मी करू काय? पोरं माझे हात बघतील."

मी इतके दिवस समजत होते की ते तत्त्वाला अडून बसलेत. तत्त्व होतंच. पण त्याच्याआड ही लाज बसली होती, आणि एका घरात राहून मला ती दिसली नव्हती. मला फार वाईट वाटलं. तरी मी मागे हटले नाही. म्हटलं, "बाबा, मला तेच हात हवेत. शिकंजा तुम्ही आवळा, चाप तुम्ही ओढा. तुमच्या हातून जुन्या रायफलीची गोळी सरळ गेली, तर माझ्या हाताला बोल लावायची कुणाची हिंमत होईल?"

मी बटणं लावली, ती त्यांनी लावू दिली. मग म्हणाले, "कापूस कोणता वापरलास? पिंजलेला की गुंडाळीचा?" मी समजले, की येणार.

रविवारी ते आले. दुकानदाराचा चेहरा बघायला तू हवा होतास. बाबा थेट फळीकडे गेले. शिकंजा स्वतः आवळला. वेळ लागला, पाना दोनदा हातातून निसटला, पण कुणी पुढे झालं नाही. मी सगळ्यांना आधीच दम दिला होता. "आधी जुनी," बाबा म्हणाले. त्यांचं बोट चापावर नुसतं नाचत होतं. गोळी सुटली. दुसरी, तिसरी, मग आणखी. सेक्रेटरीबाईंनी टार्गेट आणून त्यांच्या हातात दिलं. एकच भोक, शर्टाच्या बटणाएवढं.

दादा, ते त्या कागदाकडे बघतच राहिले. त्यांना वाटत होतं, आपल्या हातून आता काही सरळ जायचंच नाही. शिकंज्याने धरलेली रायफल आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरीही त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी रिकामी काडतुसं वेचायच्या निमित्ताने खाली वाकले.

मग माझी लावली. तोच शिकंजा, तेच बोट. गोळ्या पांगल्या. बाबांनी रायफल काढली, पुन्हा बसवली, पुन्हा आवळली, पुन्हा चाप ओढला. पुन्हा पांगल्या. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि "भिंग" म्हणाले. भिंग हातात ठरेना, तेव्हा आपल्याला लहानपणी शिकवलं होतं तसं कोपर टेबलावर टेकवलं आणि नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. कापूस फिरवला. अडलेला धागा बोटाने ओढून काढला.

"रायफल खराब आहे," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की मी उड्या मारेन. मी नुसती उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ठीक आहे, वस्ताद. उद्याच परत पाठवतो." आणि निघायला वळला.

"थांब," बाबा म्हणाले. "माझं संपलेलं नाही. माझा मुलगा इथेच उभा राहून हेच म्हणाला होता."

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, वस्ताद. जुनी गोष्ट ती."

"जाऊ कशी देऊ? त्याची रायफल खराब होती की चांगली, मला माहीत नाही. मी बघितलीच नाही. एक म्हण तोंडावर फेकली आणि मोकळा झालो. तेव्हा जे हसले होते त्यांतले दोघं-तिघं इथे आहेत. त्यांनीही ऐकून ठेवा."

बाबांनी शिकंजा सैल केला आणि मला म्हणाले, "चल, घरी."

तुझं खरं होतं, असं मी लिहिणार नाही. तुझी रायफल कुणाकडे गेली, आज कुठे आहे, कुणाला ठाऊक. तिची नळी आता कुणी तपासू शकत नाही. तुझा हात चुकला असेल किंवा रायफल. ते कधीच कळणार नाही, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतंय. पण त्यांनी बघायला हवं होतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी ते जसंच्या तसं लिहिलंय. एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

भिंगरी


१९ ऑगस्ट

दादा,

निवड झाली. शेवटच्या जागेवर का होईना, संघात आहे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

बदलून आलेली रायफल चाचणीच्या जेमतेम आधी हातात पडली. दुकानदाराने खोकं उघडलं आणि माझ्या आधी त्यानेच खिशातून कापूस काढला. म्हटलं, "आता कसं?" तर म्हणतो, "ताई, आता प्रत्येक रायफलीला फिरवतो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा अंगावर घ्यायची माझी तयारी नाही." मी तरीही भिंग लावून बघितलं. कड स्वच्छ होती. रेंजवर जाऊन पोटावर झोपले, श्वास सोडला, आणि गोळी मी सांगितलं तिथे गेली. मग पुढचीही गेली. हात माझा जागेवर आहे, दादा. इतके महिने मी तो रोज सकाळी उठल्याबरोबर डोळ्यांसमोर धरून बघायचे. आता बघत नाही.

चाचणीला बाबा आले होते. पहिल्या रांगेत बसले, दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे.

आता मुख्य गोष्ट. काल सकाळी त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. कशाला, विचारलं तर म्हणाले, "पोराला लिहायचंय." मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते. माझं अक्षर त्याच्या ओळखीचं झालंय आता." तर माझ्यावर खेकसले, "माझं पत्र मी लिहीन."

सकाळी टेबलाशी बसले ते दिवेलागणीला उठले. मध्ये जेवायला हाक मारली तर हातानेच नको म्हणाले. चार कागद फाडले. पेन कागदावर फिरताना जो आवाज येत होता, तो बाजूच्या खोलीत ऐकून मला राहवत नव्हतं. दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. पाचव्या कागदाची त्यांनी स्वतःच घडी घातली. घडी वाकडी आहे, ती मी सरळ केलेली नाही.

तो कागद सोबत पाठवतेय. पाकिटावरचा पत्ता तेवढा माझा आहे, नाहीतर पोस्टमनला लागला नसता. आतलं मी वाचलेलं नाही. ते घडी घालताना वरवर दिसलं त्यावरून सांगते, त्यातलं एक अक्षर धड लागेल असं मला वाटत नाही. भिंग लावून बसू नकोस, उपयोग व्हायचा नाही. वहिनीला घेऊन इकडे ये आणि त्यांच्याकडूनच वाचून घे.

तुझी भिंगरी